दोन वह्या स्केचेस, पण शिलाई येत नाही

प्रश्न: ताई, माझं वय २४, बीकॉम केलंय आणि दोन वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी करतेय. मन अजिबात लागत नाही. लहानपणापासून ड्रेसची स्केचेस काढते, दोन वह्या भरल्यात, पण शिवता येत नाही. घरचे म्हणतात उशीर झाला. डिझायनर व्हायला डिग्री लागतेच का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: उशिराचं आधी निकालात काढू. इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी मेडिकल अर्धवट सोडून एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शोकेस सजवायला लागले, मग तिथेच खरेदीचं काम, आणि स्वतःची कंपनी काढली थेट १९७५ मध्ये. जन्म १९३४ चा, हिशोब तूच कर, अकाउंट्सवाली आहेस.

आता वह्या. छान असतील गं, पण स्केचमध्ये कापडाला वजन नसतं. कागदावरचा घेर आपण काढू तसा उभा राहतो, कापडाचा नाही राहत. म्हणून आधी एक काम कर, घरातला जुना फुल शर्ट घे आणि कात्रीने न फाडता टीप न् टीप उसव. सगळे भाग इस्त्री करून जमिनीवर मांड. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कळलं की पुढचा मुंढा (बाही जोडतात तो गोल काप) मागच्यापेक्षा जास्त खोल कापलेला असतो, आणि बाहीचा गोलवा मुंढ्याच्या मापाहून थोडा मोठा असतो, ते जास्तीचं कापड चुणी न पाडता टिपेत मुरवायचं असतं. हे तीन वर्षं स्केचेस काढून मला कळलं नव्हतं! मग त्याच भागांवरून कागदी पॅटर्न, म्हणजे कापायचे साचे काढ, मांजरपाटावर काप, माया (शिवणीसाठी कडेने सोडायचं जास्तीचं कापड) सोडायला विसरू नकोस (मी विसरले होते, शर्ट भाच्याला झाला). उभा धागा कुठून जातो तेही बघ, पँटचा पाय धाग्यातून तिरका कापला गेला की घातल्यावर पिळ पडतो. आणि हाच तिरकेपणा मुद्दाम, ४५ अंशात वापरला की झाला उरेब, फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोनेने १९२० च्या दशकात त्यावर अख्खी फॅशन उभी केली, आणि ती तर कागदावर न काढता छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून डिझाइन करायची.

डिग्रीचं म्हणशील तर मोठ्या कंपनीत डिझायनरच्या पोस्टला बरेचदा विचारतात, पॅटर्न मास्टर (साचे काढणारा) किंवा सॅम्पलिंगला (नमुन्याचे कपडे शिवायला) मात्र हात बघतात. पण मला विचारशील तर तू मागच्या दाराने, मर्चंडायझिंगमधून शिर. मर्चंडायझिंग म्हणजे एका कपड्याला कापड किती मीटर लागणार, बटणं-चेन-लेबल किती, शिलाई किती, वाया किती जाणार, याचं कॉस्टिंग करून ऑर्डर वेळेत बाहेर काढायची. तुझं अकाउंट्स इथे सोन्यासारखं आहे, चित्र काढणारे खंडीभर सापडतात पण कॉस्टिंग शीट बघून "अस्तर काढलं तर बजेटमध्ये बसेल" म्हणणारे फार कमी. आणि तिथे बसून टेक पॅक (कपड्याची मापं, कापड, शिलाई असं सगळं लिहिलेले कागद) रोज डोळ्याखालून जातात, ते फुकटचं शिक्षण.

पोर्टफोलिओत वीस स्केचेस नको टाकूस, चार कपडे टाक, प्रत्येकाचा पॅटर्न, मांजरपाटाचा फसलेला सॅम्पल, काय बदललं आणि का. फसलेला लपवू नकोस हां, मी तरी तोच आधी बघते. इंटर्नशिप घेताना रोज काय काम असेल ते आधी विचार, मी एके ठिकाणी तीन महिने फक्त इस्त्री केली आणि हँगर मोजले.

नोकरी इतक्यात सोडू नकोस, शर्ट रविवारी पण उसवता येतो.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे. कपडे स्क्रीनवरच बनवून बघायचं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकलो की शिवणं शिकायची गरज नाही ना?

उत्तर: आहे रे बाबा. सॉफ्टवेअर शिकच, सॅम्पल कमी करावे लागतात, कापड वाचतं. पण स्क्रीनवरचं कापड किती जड, किती ताणणारं, किती कडक हे तूच भरणार ना? ते चुकीचं भरलंस तर स्क्रीनवर सुंदर पडेल आणि अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहील.