घर कुणाला ते लिहिलंय, पण घर उभं कसं राहिलं ते?

प्रश्न: बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांचं मृत्युपत्र करायला बसलोय. घर, ठेवी, दागिने सगळं ठरलं, पण बाबांचा हट्ट आहे की धंदा बुडाल्यावर त्यांनी कसे दिवस काढले आणि आम्ही तिघा भावंडांनी पुढे कसं वागावं हे पण त्यात आलंच पाहिजे. वकील म्हणतात नको. आता बाबा रुसलेत आणि कागद तसाच पडलाय. काय करू?

उत्तर: वकिलांचं बरोबर आहे आणि खरं सांगू का, बाबांचंही. फक्त कागद दोन हवेत.

मृत्युपत्र म्हणजे कायद्याचं काम. त्यात "भावंडांनी एकोप्याने राहावं अशी माझी इच्छा आहे" असं प्रेमाने लिहिलं तरी उद्या कुणीतरी विचारणारच की ही नुसती इच्छा की अट, आणि एकोपा नाही राहिला तर हिस्सा जाणार का, मग त्या एका वाक्यावर दोन वकील वर्षानुवर्षं जगणार. शिवाय बऱ्याच ठिकाणी मृत्युपत्र कोर्टात दाखल झालं की ते परक्यालाही वाचता येतं, आणि बाबांच्या वाईट दिवसांची गोष्ट परक्याने का वाचावी? त्यात एखादा शब्द बदलायचा म्हटलं तरी परत साक्षीदार गोळा करा.

म्हणून वेगळं पत्र. वर पहिल्याच ओळीत लिहा की हे मृत्युपत्र नाही, आणि त्यात कुणाला काय मिळणार याबद्दल एक अक्षरही नको, नाहीतर सही आणि तारीख बघून कुणीतरी त्यालाच नवं मृत्युपत्र म्हणून पुढे करेल. मूळ मृत्युपत्र जिथे ठेवाल तिथेच हे ठेवा. पाहिजे तेव्हा बदला, कुणाला विचारायला नको.

ही काही नवी कल्पना नाही बरं का. ज्यू लोकांत अशी पत्रं शेकडो वर्षं लिहितात. १२व्या शतकात जूडा इब्न टिबन नावाचा वैद्य आणि भाषांतरकार होऊन गेला, त्याने मुलाला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. मुलाला त्यात चांगलाच झापलाय, पण माझ्या लक्षात राहिलं ते पुस्तकांबद्दलचं: दर महिन्याला पुस्तकं तपास, उंदीर आणि ओल यांपासून सांभाळ, ज्याला विकत घेणं परवडत नाही त्याला वाचायला दे, पण परत करेल अशी खात्री असेल तरच. "विद्येचा आदर कर" असं दहा वेळा लिहून जे झालं नसतं ते पुस्तकांबद्दलच्या या साध्या सूचनांनी होतं.

बाबांनाही हेच सांगा. "प्रामाणिक राहा" लिहू नका, ते सगळेच लिहितात. धंदा बुडाला त्या आठवड्यात हातात होते ते पैसे आधी कुणाला दिले, कुणाला थांबवलं, आणि का? कुणाचा फोन घ्यायची लाज वाटली? मुलं तेच वाचतात.

आणि पडझड गाळू नका. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घरच्या इतिहासाबद्दल २० प्रश्न विचारले होते, आईबाबा कसे भेटले, आजी कुठे वाढली असले. ज्यांना जास्त उत्तरं माहीत होती त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. पण म्हणून उत्तरं पाठ करून घ्यायला बसू नका, असं ड्यूक यांनीच बजावलंय. खरं काम करतात त्या वर्षानुवर्षं एकत्र बसून मारलेल्या गप्पा. आणि त्यांच्या मते सगळ्यात उपयोगी पडते ती चढउतारांची गोष्ट, नुसती चढतीची नाही.

वस्तूंचंही बघा जरा. आमच्या घरी एक कात्री आहे, एका मुठीला सुती दोरा गुंडाळलेला, घामाने काळा पडलेला. आजी गेल्यावर मामा आणि मावशी दोघांनाही तीच हवी होती, घरावरून वाद झाला नाही पण कात्रीवरून सहा महिने बोलणं बंद. दोरा का गुंडाळला होता ते मात्र दोघांनाही माहीत नाही आणि आता सांगणारंही कुणी नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूला दोन ओळींची चिठ्ठी बांधा. फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने लिहा, पेनची शाई पुढे उमटते.

प्रश्न: आजोबांचं ४ तासांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलंय. कुठे ठेवू की टिकेल?

उत्तर: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. समजा एक कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक क्लाऊडवर. फक्त क्लाऊडवर विसंबू नका, गुगलचं वैयक्तिक अकाऊंट २ वर्षं कुणी वापरलंच नाही तर ते डिलीट होऊ शकतं. आपल्यामागे डेटा कुणाला मिळावा ते गुगलच्या सेटिंगमध्ये आधीच सांगून ठेवता येतं, ॲपलनेही २०२१ पासून तशी सोय दिली आहे. आजच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

पण खरी अडचण वेगळीच आहे, ४ तासांची फाईल कुणी ऐकत नाही हो. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स ही संस्था २००३ पासून साध्या माणसांची बोलणी रेकॉर्ड करतेय आणि त्यांची एक बैठक साधारण ४० मिनिटांची असते. तुम्हीही तुकडे करा आणि फाईलला नीट नाव द्या, "रेकॉर्डिंग ००७" नको, "आजोबा, पहिली नोकरी" असं. मजकूर टाईपही करून ठेवा, शोधता येतो. आणि घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या आधी उतरवून घ्या, टेप खराब होते आणि चालू प्लेयर मिळणं रोज अवघड होतंय.

प्रश्न: काकांनी एकेकाळी घरातले पैसे उडवले होते. हे लिहावं का? काका हयात आहेत.

उत्तर: आधी काकांना विचारा. त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून घ्या, कदाचित तुमच्यापेक्षा बरी सांगतील. नाही म्हणाले तर त्यांच्या हयातीत कुणाला दाखवू नका, पाकीट बंद करून कधी उघडायचं ते वर लिहा. आणि हिशोब चुकता करायला लिहीत असाल तर राहू द्या, तुम्ही गेल्यावर त्यांना उत्तर द्यायला समोर कुणी नसेल.