भूल देऊनही रुग्ण कळवळतो, तेव्हा डेंटिस्ट स्वतःचा ताण कसा आवरतात?
आधी हात थांबवतात: ड्रिल बंद, उपकरणं तोंडाबाहेर, खुर्ची सरळ, आणि मिनिटभर सावकाश श्वास. खालच्या दाढेची नस सुजलेली असेल तर ओठ बधिर होऊनही दाढ दुखते, कारण सुजलेल्या नसेवर भूल कमी चालते. हा दर वेळी हाताचा दोष नसतो, हे पक्कं डोक्यात असलं की अपराधीपणा बराच उतरतो. म्हणून ड्रिल लावण्याआधी कोल्ड स्प्रेने दाढ तपासायची. गार लागलं, म्हणजे भूल पुरती चढलेली नाही, तर गालाच्या बाजूने आर्टिकेन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन, तेही पुरलं नाही तर दात आणि हाडामधल्या फटीत. इंजेक्शन सावकाश, १ मिलीला साधारण १ मिनिट. ‘दुखलं तर डावा हात वर करा’ ही खूण आधीच ठरवली की दोघांचीही धास्ती कमी होते; पण हात वर झाल्यावर खरंच थांबायचं, नाहीतर खूण फुकट. अवघड केस शक्यतो सकाळी, नंतर १५ मिनिटं मोकळी. (संध्याकाळी ‘फक्त बघा हो जरा’ म्हणत येणाऱ्यांवर उपाय नाही.) मात्र क्लिनिकच्या विचारानेच आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल तर एवढ्याने भागत नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक डॉक्टरांनाही चालतो.