वाडा, वाडी, पाडा: यातलं कुंपण कुठे गेलं?

प्रश्न असा आलाय: चौकाच्या मोठ्या घराला वाडा म्हणतात, मोकाट गुरं कोंडतात तो कोंडवाडा, आणि कोळ्यांची अख्खी वस्ती म्हणजे कोळीवाडा. मग वाडा म्हणजे नक्की काय? वाडी म्हणजे लहान वाडा का? आदिवासी पाडा हा वाड्याचाच भाऊबंद का? आणि जाता जाता, वडगाव नि वडोदरा यांच्यातही वाडाच दडलाय का?

वाडा म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा. आत माणसं आहेत, मेंढरं आहेत की झाडं, हे त्या शब्दाने कधी ठरवलंच नव्हतं. म्हणून तुमच्या तिन्ही उदाहरणांत तो सुखाने नांदतो.

संस्कृतात 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण आणि कुंपणातली जागा. प्राकृतात दोन स्वरांमधल्या एकट्या ट चा ड होतो. घोटक-घोडा, कीटक-किडा, वट-वड ही त्याच घडणीची उदाहरणं. तसाच वाटक-वाडा. आपण चालतो ती वाट मात्र या घरातली नाही. ती 'वर्त्मन्' कडून आली. तिच्यात प्राकृतात जोड ट्ट होता, आणि जोड ट्ट मराठीत येताना ट म्हणूनच टिकतो. मराठीत आज ऐकू येणारी 'वाट' आणि संस्कृतातला 'वाट' दिसायला जुळे असले तरी त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

कुंपणाचा मूळ अर्थ मराठीने हरवला, पण शेजाऱ्यांनी तो जपून ठेवलाय. गुजरातीत 'वाड' म्हणजे आजही काटेरी कुंपण. आपण म्हणतो कुंपणानेच शेत खाल्लं, गुजराती माणूस म्हणतो 'वाड चीभडां गळे', म्हणजे कुंपणच काकड्या गिळतं. हिंदीत शेताला 'बाड़' घालतात. मराठीत हे काम कुंपण या शब्दाने घेतलं, आणि कोकणात काट्याकुट्यांची वई आणि दगडांचा गडगा यांनी. वाड बेकार झाला, त्याची मुलंबाळं मात्र गावभर पसरली.

जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळ आज कोण असेल, तर कोंडवाडा आणि धनगरांचा वाडा. कोंडवाड्याबद्दल फार सांगायला नको, भिंती आणि फाटक, झालं. धनगरांचा वाडा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर बाहेर पडलेल्या काही कुटुंबांचा मिळून एक वाडा होतो. आज या शिवारात, उद्या त्या. रात्री जाळी उभारून मेंढरं आत घेतात, शेतकरी लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, आणि सकाळी बिऱ्हाड घोड्यावर. 'वाडा कुठं उतरलाय?' असं विचारतात तेव्हा त्यात दगड-विटांचा काही संबंध नसतो. वाडा म्हणजे आधी घर आणि मग बाकीचं, असं मानणाऱ्याने हा वापर लक्षात घ्यावा.

सरदारांच्या घराला वाडा म्हणण्यामागेही कुंपणच आहे. जुना वाडा बाहेरून पाहिला तर बहुतेक भिंतच दिसते. देवडी ओलांडून आत गेलं की चौक, चौकाभोवती सोपे, मागे परसू. सगळ्या घराचं तोंड आत, पाठ रस्त्याला. भिंतीने बंद केलेली जागा हेच त्याचं पहिलं लक्षण, दिवाणखाना आणि झुंबरं नंतरची. याचं नामी उदाहरण पुण्यात आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. आज उरलेत ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आतले चौथरे. म्हणजे महाल गेला आणि व्युत्पत्तीपुरता वाडा राहिला! तिकीट काढून आत गेलेले पाहुणे 'आत तर काहीच नाही' म्हणतात, तेव्हा शब्दांच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला हसू येतं.

आता वाडी. रूपाने ती वाड्याची धाकटी बहीण खरीच, पण अर्थाने तिने वेगळा संसार मांडला. संस्कृत 'वाटिका' म्हणजे कुंपणातली बाग, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची अशोकवाटिका तीच. गुजरातीत वाडी म्हणजे अजूनही बागायत, फळझाडांचं रान. बंगालीत मात्र 'बाडी' म्हणजे थेट घर. कोलकात्यात रवींद्रनाथांचं जोडासांकोचं घर 'ठाकूरबाडी'. एकाच शब्दाची एका टोकाला बाग झाली आणि दुसऱ्या टोकाला घर.

मधली पायरी कोकणात जिवंत दिसते. तिथे 'नारळी-पोफळीची वाडी' म्हणतात तेव्हा बाग अभिप्रेत असते, आणि 'सुतारवाडी', 'खालची वाडी' म्हणतात तेव्हा वस्ती. बोलणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही, कारण घर बागेतच असतं. देशावर गावठाणात घरं एकमेकांना चिकटून बसतात, शेतं लांब. कोकणात जो तो आपापल्या झाडामाडांत, गडग्याच्या आत. अशा पाच-पंचवीस बागा-घरांचा पुंजका म्हणजे वाडी, आणि अशा वाड्या मिळून गाव. गोव्यात त्याच अर्थाने 'वाडो' चालतो. म्हणून देशावरच्या माणसाने कोकणात 'तुमची वाडी लहान आहे का हो?' असं विचारलं, तर समोरचा कलमांची संख्या सांगेल की घरांची, हे आधी ठरवून घ्यावं लागेल.

मुंबईच्या गिरगावात हीच गोष्ट शहराखाली गाडली गेली आहे. फणसवाडी, केळेवाडी ही नावं चाळींना कोणी हौसेने दिलेली नाहीत. तिथे खरोखर बागा होत्या, माडांची राखणं होती. पोर्तुगीज बागेला 'ओर्ता' म्हणत. त्यावरून इंग्रजांच्या मुंबईतल्या कागदपत्रांत अशा माडांच्या वाडीला 'ओआर्ट' असा खास मुंबईचा शब्द पडला. कागदावरचा ओआर्ट गेला, लोकांच्या तोंडची वाडी राहिली. पुढे बागांत चाळी उठल्या, तरी पत्ता वाडीचाच.

काही वाड्या इतक्या मोठ्या झाल्या की त्यांना पुढचं नावच लागेना. सिंधुदुर्गात 'वाडीक जातंय' म्हणजे सावंतवाडीला. (तिचं जुनं नाव सुंदरवाडी, आणि ते मला जास्त आवडतं.) कोल्हापूर-सांगलीकडे 'पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो' म्हणजे नरसोबाची वाडी. तिथून कोणी कवठाची बर्फी आणली नाही, तर तो वाडीला गेलाच नव्हता असं खुशाल समजावं.

बालवाडी आणि अंगणवाडी यांतली वाडी कोणती, हे विचारलं नाहीत, पण सांगायचा मोह आवरत नाही. ती बागेची वाडी. जर्मन 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग, त्याला बालवाडी हा अगदी नेमका जोड आहे. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, म्हणजे जिथे वाडीचा बाग हा अर्थ रोजच्या बोलण्यात आहे अशा प्रदेशात. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना या दोघींच्या कामातली. १९७५ पासून सरकारी योजनेमुळे हा मराठी शब्द देशभर गेला, आणि आता तमिळनाडूपासून आसामपर्यंत तो कोणाला परका वाटत नाही. वाड्यावस्त्यांवर नेलेली शाळा असा अंगणवाडीचा अर्थ बरेच जण लावतात. कामाच्या दृष्टीने तो शोभतोही, शब्दाच्या दृष्टीने नाही.

आणि ती अंगणं होती पाड्यांवरची. पाडा वाड्याचा भाऊ नाही, फक्त यमक जुळतं. तो संस्कृत 'पाटक' कडून आला, म्हणजे गावाचा एक भाग, मोहल्ला. घडण तीच, ट चा ड. कुंपणाची कल्पना त्याच्यात नाही. मूळ गावापासून सुटून राहिलेला तुकडा एवढंच. पालघर, ठाणे, नाशिक, नंदुरबार इकडे पाडा म्हटलं की आदिवासी वस्ती डोळ्यांसमोर येते, पण हे बंधन मराठीतलं आहे. बंगालीत 'पाडा' म्हणजे कोणतीही गल्ली-आळी, तिथले भद्रलोकही पाड्यातच राहतात. आणि मुंबईत आगरीपाडा आहेच.

इथे एक गाठ आहे, आणि नावांची व्युत्पत्ती उत्साहाने सांगणारे पुष्कळ जण तिच्यात अडकतात. प्राकृतात दोन स्वरांमधल्या प चा व होतो: दीप-दिवा, ताप-ताव. त्यामुळे 'पाटक' शब्दाच्या सुरुवातीला असला तर पाडा होतो, पण दुसऱ्या नावाला मागून चिकटला तर त्याचा 'वाडा' होऊ शकतो! गुजरातमधल्या पाटणचं जुनं संस्कृत नाव अणहिलपाटक, लोकांच्या तोंडी ते झालं अणहिलवाड. मेवाडचं जुन्या लेखांतलं रूप मेदपाट. म्हणजे नावाच्या शेवटी वाड-वाडा दिसला की लगेच कुंपण शोधायला जायचं नाही. जुन्या लेखात किंवा दप्तरात नाव कसं लिहिलंय ते आधी पाहायचं. काठियावाड, झालावाड, आपला मराठवाडा यांच्यात तर शब्द इतका ताणला गेलाय की कुंपण की मोहल्ला हा वादच उरत नाही. काठी लोकांचा, झाला राजपुतांचा, मराठ्यांचा मुलूख, एवढाच अर्थ.

गावातल्या वाड्यांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती टाळून ही चर्चा करता येत नाही. कुंभारवाडा, भोईवाडा, तसाच महारवाडा आणि मांगवाडा. पहिल्या दोघांत कुंपण धंद्याचं होतं, पुढच्या दोघांत गावाने घातलेलं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं पुढे केली. नावं जपायची म्हणून याला विरोध करणारे आमच्यासारखे शब्दवेडे मला भेटलेत. मला तो विरोध पटत नाही. जुनं नाव दप्तरात राहील, ते पत्त्यावर लिहायला लागू नये.

आळी आणि पेठ यांचा उल्लेख करून थांबतो, कारण त्यांच्याशीही वाड्याची गल्लत होते. आळी 'आलि' कडून, म्हणजे ओळ: तांबट आळी, बुरूड आळी, समोरासमोर दुकानांच्या रांगा. तिथे महत्त्व रांगेला, कुंपणाला नाही. पेठेचे सोयरे दक्षिणेत आहेत, कन्नड पेटे, तमिळ पेट्टै, आणि तिचं काम बाजाराचं.

राहिला वडगाव-वडोदऱ्याचा प्रश्न. त्यांचा वाड्याशी संबंध नाही, ती वडाच्या झाडाची गावं. वडोदऱ्याचं जुनं रूप वटपद्रक असं सापडतं, आणि त्यातला 'वट' म्हणजे वड. खूण सोपी आहे: पहिल्या अक्षरात 'वड' असेल तर झाड आठवा, शेवटी 'वाड' असेल तर कुंपण किंवा मोहल्ला. आणि पालघर जिल्ह्यातल्या वाड्यासारखं नुसतंच 'वाडा' असेल, तर तिथल्या जुन्या माणसाला विचारा.