“मॅडम, मलाही आईसारखंच होणार का?”

सांगलीत विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक चाळिशी-पन्नाशीतली असते आणि घरात कुणाला तरी अल्झायमर, म्हणजे स्मृती हिरावणारा मेंदूचा आजार, झालेला असतो.

मिरजेच्या एक शिक्षिका आल्या (ओळख बदलली आहे). तासगावला माहेरी आई आजारी. ‘काळजीने अल्झायमर होतो, उंदरांवर सिद्ध झालंय’ असं मोबाइलवर वाचल्यापासून त्यांची झोप उडालेली. पर्समधून त्यांनी शंभर पानी वही काढली. आपण काय काय विसरलो, ते तारीखवार लिहिलेलं.

प्रयोगांचं मी टाळलं नाही. उंदरांना हा आजार आपणहून होत नाही. आजार आणणारी माणसाची जनुकं त्यांच्यात घालावी लागतात. 2007 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अशा उंदरांना ताण दिला, तेव्हा मेंदूत अमायलॉइड बीटा हे प्रथिन वाढलेलं दिसलं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं ते हेच. म्हणजे धागा खरा आहे. पण माणसात चिंता हे कारण की आजाराचं सुरुवातीचं लक्षण, हे अजून सुटलेलं नाही. आणि उंदरांमधलं प्रथिन वाढणं म्हणजे तुमचं भविष्य नव्हे.

त्यांना हे पटलं, पण भीती हलली नाही. माहितीने भीती जात नाही, हे मी अनुभवाने जाणते. विचार स्वतः तपासावा लागतो. चौथ्या भेटीत मी वही मिटून बाजूला ठेवली. “आता न बघता सांगा, काय काय विसरलात?”

“सोमवारी दूध उतू गेलं... आईचा फोन चालू होता. बुधवारी नववी ‘ब’ची हजेरी राहिली, आदल्या रात्री डोळ्याला डोळा नव्हता. चष्मा...” एकामागून एक अकरा प्रसंग, कारणासकट. मग त्या थांबल्या. वहीकडे बघत राहिल्या. “मॅडम, मला तर सगळं आठवतंय!”

त्या विसरत नव्हत्या. लक्षच तिथे नव्हतं. चिंतेने लक्ष खाल्लं की गोष्ट मनात नोंदलीच जात नाही.

तरी विसरण्यामागे शरीराचं काही कारण नाही ना, हे बघायला थायरॉइड आणि व्हिटॅमिन बी-12 तपासून घ्याच. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, आणि हे तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात येणं, असं असेल तर थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. आणि भीती एकट्याने वाहू नका. या बाईंनी नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. आता दोघं संध्याकाळी आमराईत फिरायला जातात. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, त्यावर आमचं काम चालू आहे.