एका डोक्यात दोन कामं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असतं, एकच परिच्छेद चार-चार वेळा वाचावा लागतो, दुपार झाली की डोकं चालेनासं होतं, हे सगळं सविस्तर लिहिलंस आणि शेवटी स्वतःच निकाल देऊन टाकलास, "मी आळशी झाले आहे." त्या वाक्यामुळेच हातातलं सगळं बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले आहे. आळशी माणसाला राहिलेल्या कामाचं एवढं दुःख नसतं गं. तुझं पत्र तर पहिल्या ओळीपासून त्याच दुःखाने भरलेलं आहे.

मी बत्तीस वर्षांची होते तेव्हा मुद्रितं तपासायचं काम करायचे. घरात मोठं आजारपण चालू होतं आणि नोकरी टिकते की नाही याची धाकधूक होती. त्या दिवसांत एका पुस्तकाच्या शीर्षकातच वेलांटीची चूक राहिली. ते पान मी तीन वेळा तपासलं होतं! शब्द डोळ्यांखालून जायचे, आत काही शिरायचं नाही. संध्याकाळी घरी आले की दिवासुद्धा न लावता खुर्चीत बसून राहायचे. जो तो म्हणायचा, विश्रांती घे. मी पंधरा दिवसांची रजा काढली आणि रजा संपल्यावर आधीपेक्षा जास्त थकून कामावर गेले. असं का झालं ते मला कित्येक वर्षं कळलं नाही. रजेत काम थांबलं होतं, काळजी थांबली नव्हती. उलट तिला दिवसभर मोकळं रान मिळालं होतं.

तुझंही तेच चाललं आहे असं मला वाटतं. तुझं डोकं एकाच वेळी दोन कामं करतं आहे. एक समोरचं, आणि दुसरं पहाऱ्याचं. काल बोलले ते चुकलं का, निकाल काय लागेल, त्यांनी अजून उत्तर का दिलं नाही. काम करताना लागणारी माहिती मेंदू थोडा वेळ हाताशी धरून ठेवतो, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ही जागा फार लहान असते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवलं की तिथे एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. त्यातली निम्मी जागा काळजीने अडवली, तर परिच्छेदाच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटणारच. शिवाय काळजी बहुतेक वेळा शब्दांत चालते, आत कोणीतरी सारखं बोलत असतं. म्हणून वाचनाला आणि लिखाणाला तिचा फटका जास्त बसतो. कपडे वाळत घालताना किंवा खोली आवरताना एवढा त्रास होत नाही असं तू लिहिलं आहेस, ते बहुधा यामुळेच.

आता यापुढचं जरा सावकाश वाच, कारण तुला सगळ्यात जास्त याची गरज आहे. मायकेल आयझेंक आणि मॅन्युएल काल्व्हो या दोघांनी १९९२ मध्ये एक मांडणी केली. काळजीत असलेल्या माणसाचं काम पुष्कळदा इतरांइतकंच चांगलं होतं, पण तेवढ्याच कामासाठी त्याला जोर जास्त लावावा लागतो. बाहेरच्यांना झालेलं काम दिसतं, त्यासाठी काय खर्ची पडलं ते दिसत नाही. तुझे वरिष्ठ "छान चाललंय" म्हणतात आणि तू घरी येऊन आडवी होतेस, यात तुला स्वतःचं ढोंग दिसतं. मला त्यात दिवसभराची दुप्पट मेहनत दिसते.

शरीरही या पहाऱ्यात सामील असतं. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच लिहून ठेवलं आहे. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, श्वास वाढतो. ही सज्जता थोड्या वेळासाठी असते. तू ती सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर वागवतेस. आत्ता वाचतानाच बघ, दातांवर दात दाबलेले आहेत का, खांदे कानांकडे सरकले आहेत का? आणि गरजेपेक्षा जास्त जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोकं हलकं, धूसर होतं. "डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटतं," असं तू लिहिलंस, त्यात याचाही वाटा असू शकतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण त्याची मजुरी अंगाला करावी लागते, हे कोणी सांगत नाही.

एवढं सगळं लिहिलं तरी पहिलं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. थकवा काळजीमुळेच आहे असं मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि तूही ठरवू नकोस. रक्त कमी असणं, लोहाची किंवा बी १२ ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, एखाद्या औषधाचा परिणाम, या सगळ्यांत माणूस असाच गळून जातो. साध्या तपासण्यांत बरंच काही कळतं. डॉक्टरांना फक्त "थकवा येतो" एवढंच सांगू नकोस. काळजीबद्दल, लक्ष न लागण्याबद्दलही सांग. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निकषांत जनरलाइझ्ड अँग्झायटी डिसऑर्डरची, म्हणजे सतत नि सगळ्याचीच काळजी लागून राहण्याच्या आजाराची, सहा लक्षणं आहेत, त्यांत लवकर थकणं आणि लक्ष न लागणं ही दोन्ही आहेत. बाकीची चार म्हणजे अस्वस्थता, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा आणि झोपेचा बिघाड. न आवरणारी काळजी सहा महिने, बहुतेक दिवस असेल आणि यातली तीन किंवा जास्त लक्षणं सोबत असतील, तर मोठ्या माणसांत तज्ज्ञ त्या दिशेने विचार करतात. ही यादी वाचून स्वतःला शिक्का मारून घेऊ नकोस. तुझा थकवा ओळखीचा आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत, एवढ्यासाठी सांगितलं.

मला स्वतःला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलंच नव्हतं. काळजीला दिवसातला एक ठरलेला वेळ द्यायचा. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासून पाहिली होती. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास. झोपायच्या आधीचा वेळ नको, संध्याकाळचा बरा. दिवसभरात काळजी वर आली की तिला दाबायचं नाही, तिच्याशी वादही घालायचा नाही. जवळच्या कागदावर दोन शब्दांत तिची नोंद करायची, "सहा वाजता बघते" म्हणायचं आणि हातातल्या ओळीवर परत यायचं. सहा वाजता मात्र खरोखर कागद घेऊन बसायचं. ही अट मोडू नकोस. तू वेळ पाळत नाहीस हे मनाला एकदा कळलं की ते पुढे ढकललेलं काही ऐकत नाही. त्या अर्ध्या तासात प्रत्येक नोंदीला विचार, याचं मला काही करता येईल का? येत असेल तर पहिलं पाऊल आणि त्याचा दिवस लिही. येत नसेल तर तसं लिही आणि काळजी कर, मनसोक्त कर. माझ्या कागदावरच्या निम्म्या गोष्टी सहा वाजेपर्यंत शिळ्या झालेल्या असायच्या. उरलेल्या निम्म्या खऱ्या होत्या आणि त्या मला पहिल्यांदाच नीट दिसल्या. पहिले आठ-दहा दिवस हे जमत नाही, मन पुन्हापुन्हा पळतं. त्याला पुन्हापुन्हा आणायचं, न रागावता.

वाचायला बसताना वीस मिनिटांपुरतंच बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि मध्येच उठून थोडं चाल. एक परिच्छेद झाला की पुस्तक झाकून त्यात काय होतं ते मोठ्याने सांग. आपण मोठ्याने बोलायला लागलो की आतल्या बोलण्याला जागा कमी उरते.

रात्री झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी अंथरुणातून ऊठ, मंद उजेडात काहीतरी संथ कर, झोप आल्यावरच परत जा. पडल्यापडल्या तळमळत राहिलं की अंथरूण म्हणजे जागरणाची जागा अशीच अंगाला सवय लागते. दुपारनंतर कॉफी नको; तिच्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीसुद्धा अंगात असतं. पडल्यावर हात, खांदे, जबडा, पाय असं एकेक ताठ करायचं, पाच-सात सेकंदांनी एकदम सैल सोडायचं. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी विकसित केलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे. आपण किती आखडलेलो होतो हे सैल सोडल्यावरच कळतं. रोज थोडं भरभर चालणंही ठेव, पण तेही ओझं होईल एवढं नको.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक वाटला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. काळजीसाठी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती चांगली तपासलेली आहे. औषधं लागली तर घ्यावीत. चिंतेवर नेहमी दिली जाणारी बरीच औषधं लागू पडायला काही आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी कंटाळून, डॉक्टरांना न विचारता सोडायची नाहीत. आणि जगणंच नको असं कधी वाटलं, एका क्षणापुरतं जरी वाटलं, तरी पत्र लिहीत बसू नकोस. त्याच वेळी फोन कर, मला किंवा जवळ जे कोणी असेल त्यांना, आणि तडक दवाखान्यात जा. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी मी फोन उचलेन.

रक्ताच्या तपासण्यांचं काय झालं ते कळव. आणि पुढच्या पत्रात किती पानं वाचून झाली ते नको लिहूस. संध्याकाळी घरी आल्यावर दिवा लावण्याएवढं बळ अंगात होतं का, तेवढं लिही.

तुझी,
मावशी