जर्मनीतला पहिला नाताळ : सोऱ्या आण, सजावट राहू दे

‘ताई, आम्ही नोव्हेंबरात इंदूरहून स्टुटगार्टला येतोय. मुलगी पाच वर्षांची आहे. नाताळाचं झाड, माळा, चांदण्या इथूनच घेऊन येऊ का? आणि खरं सांगा, आपण हे सगळं करायचं तरी का?’ असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे : काही आणू नकोस. इथे नोव्हेंबरात साध्या किराणा दुकानातही चांदण्यांचे ढीग लागलेले असतात. बॅगेत जागा उरलीच तर सोऱ्या आणि करंजीचं कातणं ठेव. का, ते पुढे सांगते.

आम्ही २०१५च्या ऑक्टोबरात आलो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला होतं. संध्याकाळी खिडकीत दोन पणत्या लावून मी रडवेली बसले होते, तर खालून पंधरा-वीस मुलं हातात कागदी कंदील घेऊन गात निघालेली. मला क्षणभर वाटलं, भ्रमच झाला! ११ नोव्हेंबर हा इथे संत मार्टिनचा दिवस. बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप आधी आठवडाभर कात्री-डिंक घेऊन बसतात आणि त्या संध्याकाळी कंदिलांची मिरवणूक काढतात. तुझ्या मुलीला बालवाडीत जागा मिळायला वेळ लागेल, पण मिरवणूक रस्त्यावरूनच जाते. तिच्या हातात कंदील दे आणि मागे चालू लागा. कोणी काही म्हणत नाही.

मिरवणुकीने मी खूश झाले आणि नाताळाला तोंडावर आपटले. २४ डिसेंबरला गुरुवार होता. चार वाजता भाजी आणायला गेले तर सगळी दुकानं बंद. २४ तारखेला दुपारी दोनपर्यंतच दुकानं चालू असतात, २५ आणि २६ दोन्ही दिवस सुटी, आणि २७ला रविवार. इथे रविवारीही दुकान उघडत नाही. साडेतीन दिवस आम्ही पोहे, सेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला यांवर काढले. इंदूरकराला ती काही शिक्षा नव्हे म्हणा, पण लेकीचं दूध संपलं आणि शेजारच्या आजींचं दार वाजवावं लागलं. तेव्हा २३ तारखेलाच सामान भरून ठेव. मुख्य सण २४च्या संध्याकाळी असतो, भेटवस्तूही तेव्हाच उघडतात. जेवायला बऱ्याच घरी नुसतं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. आपल्या सणावारी पानात काय काय वाढलेलं असतं, त्यापुढे फारच साधं. इंदूरचं घड्याळ थंडीत साडेचार तास पुढे असतं, तेव्हा आजी-आजोबांना दुपारी दोनलाच फोन लाव. संध्याकाळी लावलास तर ते झोपलेले असतील.

पण नाताळ इथे एका दिवसाचा नसतो. आधीचे चार रविवार, म्हणजे ॲडव्हेंट. दर रविवारी डहाळ्यांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती वाढवत जायची. हे चक्र हँबर्गच्या योहान हिन्रिख विशर्न यांनी १८३९ साली सुरू केलं. त्यांच्या अनाथाश्रमातली मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले. आम्ही झाडाच्या विक्रेत्याकडून तुटलेल्या डहाळ्या आणतो आणि गवताच्या कड्यावर तारेने गुंडाळतो. डहाळ्या चौथ्या रविवारपर्यंत कडकडीत वाळतात, म्हणून पेटत्या मेणबत्त्या सोडून खोलीबाहेर जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

२४ दिवसांचं कॅलेंडर विकत मिळतं, दर दिवसाच्या खिडकीत एक चॉकलेट. आमचं मात्र २४ काड्यापेट्यांचं आहे. एकीवर एक चिकटवून भिंत केली आणि वरून पतंगी कागद लावला. आत चॉकलेट एखाददुसरंच, बाकी चिठ्ठ्या : ‘आज आजीला फोनवर श्लोक म्हणून दाखव’, ‘आज बाबा जेवण करणार’. दुसरी चिठ्ठी लेकीने स्वतःच घुसडली होती. ५ डिसेंबरच्या रात्री दाराबाहेर स्वच्छ पुसलेले बूट ठेवायचे, सकाळी त्यांत अक्रोड, संत्री, खाऊ. पुसलेले हवेत, कारण खाऊ आणणारा संत निकोलाउस घाणेरड्या बुटात काही टाकत नाही, असं मुलांना सांगतात. वर्षातून एकदा तरी बूट पुसून होतात!

आता चांदणीबद्दल. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आजोबा दिवाळीत बांबूच्या कामट्या, दोरा आणि खळ घेऊन ओट्यावर बसायचे. खजुरी बाजारातून पतंगी कागद आणायचं काम माझं. इथे खिडक्याखिडक्यांत हेर्नहूट गावची चांदणी दिसते : पंचवीस कागदी शंकू, आत दिवा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेर्नहूटच्या ख्रिस्ती पंथाच्या वसतिशाळेत भूमिती शिकवताना ती निघाली म्हणतात. ती पाहिली आणि मला आजोबांचा आकाशकंदीलच आठवला. आम्ही विकतची घेत नाही. कामट्या इथे मिळत नाहीत, म्हणून बागकामाच्या दुकानातल्या बांबूच्या काड्या चिरतो. दिवाळीला केलेला तोच कंदील ६ जानेवारीपर्यंत खिडकीत राहतो. सासूबाई फोनवर म्हणतात, दिवाळी संपली, उतरव आता. उतरवत नाही. गवताच्या चांदण्याही करून बघ : काड्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, इस्त्रीने चपट्या करायच्या आणि मध्ये लाल दोऱ्याने आवळायच्या.

आणि सोऱ्या. इथे डिसेंबरात घरोघरी बिस्किटं होतात, आणि त्यांतलं श्प्रिट्सगेबॅक हे चक्क साच्यातून पाडतात. आपला चकलीचा सोऱ्या, चांदणीची जाळी, काम झालं. व्हॅनिलेकिप्फर्ल म्हणजे चंद्रकोरी. बदामाची पूड, मैदा, लोणी, साखर, अंड्याशिवायही होतात, आणि तोंडात नानकटाईसारख्या विरघळतात. करंज्यांसाठी तूप आणू नकोस. युरोपात प्रवाशाच्या सामानातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, खव्याची मावाबाटीही त्यातच आली. इथे बुटरश्माल्त्स नावाने जे मिळतं ते तूपच. रवा, खोबऱ्याचा कीस, पिठीसाखर सगळं मिळतं. फक्त तळताना खिडकी उघड. आमच्या पहिल्या घाण्याला पॅसेजमधला धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी इमारत जिन्यात उतरली.

आता तुझा दुसरा प्रश्न, का करायचं? इंदूरला असताना २५ डिसेंबरला रेड चर्चची रोषणाई बघायला आपण जायचोच की, तेव्हा कुठे विचारायचो? दूध देणाऱ्या त्या आजींनी तेव्हा बशीभर चंद्रकोरीही दिल्या होत्या. रिकामी बशी परत करायची नसते हे आपल्या हाडात मुरलेलं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्यात करंज्या घालून दिल्या. ती बशी दहा वर्षं दोन घरांत ये-जा करतेय, आणि आता मला नीट आठवतही नाही ती मुळात कोणाची होती.

एक शेवटचं. कातणं आणि सोऱ्या मोठ्या बॅगेत ठेव, हातातल्या बॅगेत नको. मागच्या खेपेला माझा पितळी सोऱ्या तपासणीत बाजूला काढला आणि हे नेमकं कशाचं यंत्र, ते समजावता समजावता माझं विमान सुटायची वेळ आली होती.