राजकीय बदल घडवणाऱ्या नेत्यांना लोक हयातीत नाकारतात आणि इतिहास मात्र गौरवतो, असं का होतं?

लोकांचं चुकतं आणि इतिहासाचं बरोबर असतं, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेलं आहे. मला ते पटत नाही. इतिहासाचा निकाल म्हणजे नंतर जन्मलेल्यांचं मत. त्यांनी त्या बदलाची झळ सोसलेली नसते.

सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह यांचंच बघा. १९८९ मध्ये पूर्व युरोपातली कम्युनिस्ट सरकारं एकामागून एक कोसळत होती. याआधी १९५६ ला बुडापेस्टमध्ये आणि १९६८ ला प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते. म्हणजे पायंडा होता, फौजाही जवळच होत्या. तरी त्यांनी रणगाडे हलवले नाहीत. १९९० ला शांततेचं नोबेल मिळालं. आणि १९९६ ला ते रशियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा मतं पडली जेमतेम अर्धा टक्का!

रशियन जनतेला कृतघ्न म्हणून मोकळं होता येतं, पण तिथल्या एखाद्या घरातून बघा. जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि आयुष्यभर साठवलेला पैसा काही महिन्यांत मातीमोल झाला. १९९० ते १९९४ या काळात पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे सहा वर्षांनी घटलं. किमती मोकळ्या केल्या रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारने, गोर्बाचेव्ह तेव्हा पदावर नव्हतेही. पण पडझडीला सुरुवात कुणी केली, याबद्दल लोकांच्या मनात शंका नव्हती. बचत बुडालेली दिसते. टळलेला रक्तपात कुणालाच दिसत नाही, कारण त्यात जो मेला असता त्याला आपण वाचलो हे कळायला मार्ग नसतो. लोकमत बदलाच्या नेत्यांवर एवढं कठोर का असतं, याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे.

आणि गोर्बाचेव्ह यांचा हिशोब सगळीकडे सारखा लागत नाही. बर्लिनमध्ये ते मुक्तिदाते. लिथुआनियात मात्र जानेवारी १९९१ ची ती रात्र आठवतात, व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत सैन्याने नि:शस्त्र माणसं मारली ती. यातला कुठला इतिहास खरा म्हणायचा? मला दोन्ही खरे वाटतात.

माझ्या मते याहून बोलकं उदाहरण स्पेनच्या अदोल्फो सुआरेझ यांचं आहे. हा माणूस हुकूमशहा फ्रँकोच्याच राजवटीत वाढलेला, तिच्या एकमेव पक्षाचा सरचिटणीस. फ्रँकोच्या मृत्यूनंतर जुलै १९७६ मध्ये राजाने त्यांना पंतप्रधान केलं तेव्हा लोकशाहीवाद्यांना ही सरळ फसवणूक वाटली. पण सुआरेझ यांनी हुकूमशाहीच्या संसदेकडूनच तिच्या विसर्जनाचा कायदा मंजूर करून घेतला, एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली आणि जूनमध्ये निवडणूक घेतली. त्यामुळे लष्करातले जुने लोक त्यांना गद्दार म्हणायला लागले. पुढे बेरोजगारी, दहशतवाद, पक्षातली भांडणं. जानेवारी १९८१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

२३ फेब्रुवारी १९८१ ला नव्या पंतप्रधानासाठी संसदेत मतदान सुरू असताना सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचे सशस्त्र बंडखोर आत घुसले आणि छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या. जवळजवळ सगळे खासदार बाकांखाली गेले. सुआरेझ आपल्या जागेवर बसून राहिले. उपपंतप्रधान जनरल गुतिएरेझ मेयादो बंडखोरांच्या अंगावर धावून गेले आणि कम्युनिस्ट नेते कारियो यांनीही बाक सोडलं नाही. हे चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. उठाव फसला. पुढच्या वर्षी सुआरेझ नवा पक्ष घेऊन लोकांपुढे गेले, तर ३५० पैकी २ जागा मिळाल्या.

२०१४ मध्ये ते वारले आणि माद्रिदच्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे शेवटी न्याय झाला? तसंही नाही. १९७७ च्या माफीच्या कायद्याने फ्रँकोच्या राजवटीतले अत्याचारीही सुटले. ज्यांचे आजोबा बेवारस खड्ड्यांत पुरले गेले ती नातवंडं विचारतात की ही तडजोड आमच्या जिवावर का केली. त्यांचा राग मला रास्त वाटतो.

आपल्याकडचे नरसिंह रावही आठवतात. २००४ मध्ये त्यांचं पार्थिव पक्षाच्या दिल्लीतल्या मुख्यालयात आत नेलं गेलं नाही. २०२४ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं ते विरोधी पक्षाच्या सरकारकडून. मान पुन्हा मिळतो तेव्हाही तो कुणी आणि कधी दिला, हे बघावं लागतं.

म्हणून अशा नेत्याला तोलताना मी आधी त्याच्या हातात त्या दिवशी कोणते पर्याय होते ते बघतो आणि मग निर्णयाचा भार कुणावर पडला ते. या कसोटीवर सुआरेझ मला थोर वाटतात, आणि खड्डे उकरून हाडं शोधणारी ती नातवंडंही चूक वाटत नाहीत.